दियाफाराबे

दियाफाराबे : पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या मोप्ती प्रांतात, तेनेंकू तालुक्यात वसलेले नदीकाठचे गाव, फुलानी गोपालकांच्या, गुरे नदीपार उतरविण्याच्या ‘याराल’ या वार्षिक सोहळ्यासाठी प्रसिद्ध. नायजर नदीच्या उत्तर काठावर, जेथे दियाका हा फाटा मूळ प्रवाहापासून सुटून देबो सरोवराच्या दिशेने निघतो, त्या बेचक्यात त्याची मातीची घरे व मशीद उभी आहेत. समुद्रापासून फार दूर असूनही येथील भूमी त्रिभुज प्रदेशच आहे. कारण नदी या सपाटीवर आली की असंख्य फाट्यांनी पसरते व कित्येक महिने मैदानाचे सरोवर करून टाकते.

गिनीच्या डोंगरांत पावसाळ्यात पडलेले पाणी येथवर येऊन पूर भरास येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे गावावरचा पाऊस सरल्यानंतर; आणि या विलंबातच येथील सर्व जीवनाचे मर्म आहे. पुराच्या पाण्याबरोबर वाढत जाणारे ‘बुर्गू’ नावाचे लांब दांड्यांचे गवत, उत्तरेकडील साहेलची कुरणे वाळून पिवळी पडत असतानाच, ओसरत्या पाण्यातून हिरवेगार उघडे पडते. तेव्हा पावसाळाभर मॉरिटानियाच्या सीमेपर्यंत चरत गेलेले कळप माघारी फिरतात आणि दियाफाराबेच्या उतारावर येऊन थबकतात. परंतु ज्या जमिनीवर गुरे उतरावयाची तिच्यावर शेतकऱ्यांचा भात उभा असतो आणि तिच्यातील पाण्यावर बोझो कोळ्यांची मासेमारी चालू असते. एकाच भूमीवर तिघांचा हक्क, फक्त काळ निरनिराळा.

हा काळ वाटून देण्याचे कार्य एकोणिसाव्या शतकातील मासिना राज्याने केले. १८१८ मध्ये शेकू अहमदू याने स्थापन केलेल्या व ‘दिना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इस्लामी राज्याने गुरांच्या वाटा, मुक्काम, कुरणांच्या हद्दी व प्रवेशाचा क्रम यांचा जाबता घालून दिला. कुरणांवरील वंशपरंपरागत अधिकारी, ज्यास ‘जोरो’ म्हणतात, तो आपल्या हद्दीत परक्या कळपास चराईची परवानगी देऊन त्याबद्दल दस्तुरी घेई. १८६२ मध्ये अल-हाज उमर ताल याने हे राज्य बुडविले, त्यानंतर फ्रेंचांचा अंमल आला व गेला. तथापि उताराची ही वहिवाट, कुरकुरी व तंटे सोसूनही, टिकून राहिली. याराल हा केवळ उत्सव मानणाऱ्यांच्या दृष्टीतून नेमकी हीच गोष्ट निसटते, असे म्हणणे भाग आहे : तो प्रथमतः जमीन व पाणी यांच्या वाटपाचा करार आहे आणि त्याची शोभा त्या करारातून उमललेली आहे.

उताराची तारीख पंचांगाने ठरत नाही. पाणी किती उतरले, बुर्गू कितपत उघडा पडला, भात खळ्यावर आला की नाही, हे पाहून जोरो व वडीलधारी मंडळी एकत्र बसून दिवस मुक्रर करतात. तो शनिवार असतो, कारण तो वार शुभ समजला जातो. त्या दिवशी गुराखी कळपाबरोबर पाण्यात उतरतात, एका हाताने बैलाच्या पाठीचा आधार घेत, तोंडाने त्याला हाका घालीत पोहत जातात. प्रवाहाच्या मध्यावर दिसतात ती केवळ लांब शिंगे, वर उचललेल्या नाकपुड्या आणि माणसांची डोकी. पैलतीरावर मेंदी रेखलेल्या हातापायांच्या, सोन्याचे व अंबराचे अलंकार ल्यालेल्या स्त्रिया त्यांची स्तुतिगीते गातात, तरुण गुराखी स्वरचित कवने म्हणतात. उत्तम राखलेल्या कळपाच्या गुराख्याचा गौरव होतो, तर ज्याची गुरे रोडावली त्याच्या हाती भुईमुगाचा दाणा ठेवतात. अनेक महिने घराबाहेर रानात काढून आलेल्या तरुणाला, आई आणि वाग्दत्ता पाहत असताना मिळणारा तो दाणा किती जड वाटत असेल, हे त्याच्या समाजातच राहिल्याशिवाय उमगणे कठीण.

युनेस्कोने दियाफाराबेचा याराल व द्यालुबे येथील ‘देगाल’ हा असाच सोहळा यांस २००५ मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून घोषित केले व २००८ मध्ये प्रातिनिधिक यादीत समाविष्ट केले. त्रिभुज प्रदेशाचे सुमारे ४१,००० चौ. किमी. क्षेत्र २००४ पासून रामसर पाणथळ म्हणून मान्य आहे. मात्र या मान्यतांपूर्वीच १९७२-७३ व १९८३-८४ च्या अवर्षणांत कळपांची अपार हानी झाली. अनेक कुटुंबांची गुरे शहरांतील व्यापारी व अंमलदार यांच्या मालकीची झाली आणि पूर्वीचे मालक पगारी गुराखी बनले.

पूर्वी प्रवासी मोप्तीहून ‘पिनास’ या लांबट नावेने प्रवाहाविरुद्ध येत. सोहळ्यासाठी येणाऱ्याने दिवस हाती राखून निघावे, कारण तारीख पाण्याच्या हाती. गावात शिरताच मुखियाची भेट घ्यावी आणि अनुज्ञेवाचून छायाचित्रे घेऊ नयेत, हा तेथील साधा शिष्टाचार. सांप्रत मात्र हा प्रवास करण्याजोगा राहिलेला नाही. २०१५ नंतर मध्य मालीत सशस्त्र जिहादी गटांचा जोर वाढला, वाटा बंद झाल्या आणि फुलानी समाज लष्कर व जिहादी या दोन्ही बाजूंच्या संशयात सापडला. मे २०२५ मध्ये सैनिकांनी दियाफाराबेतून धरून नेलेल्या फुलानी पुरुषांची हत्या झाल्याचा आरोप ग्रामस्थांनी केला; संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी त्याच्या निःपक्ष चौकशीची मागणी केली आहे.