काळ्या सोमवारचं गाव

मैत्रिणींनो, आज आम्ही तुम्हाला नेणार आहोत अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, यंग्सटाउनला. माहोनिंग नदीच्या काठाने तिथे मैलोन्‌मैल पोलादाचे कारखाने होते. रात्री भट्ट्यांनी आभाळ तांबडं व्हायचं. दोरीवरच्या धुतल्या चादरींवर काजळी बसायची, बायका त्या पुन्हा धुवायच्या. कुरकुरायच्याही, पण धुराडं चालू आहे म्हणजे पगार चालू आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जानेवारी १९१६ मध्ये इथे संप चिघळला, बाजारपेठ जळाली. त्यानंतर यंग्सटाउन शीट अँड ट्यूब कंपनीने कामगारांसाठी काँक्रीटच्या घरांच्या रांगा उभारल्या. घरं चांगली होती. पण घर मालकाचं असलं की पुढचा संप करताना डोक्यावरच्या छपराचाही विचार करावा लागतो, असं आपलं आम्हाला वाटतं. १९३० साली शहराची वस्ती १ लाख ७० हजार होती.

आणि बायका? दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा पोलाद कारखान्यांत बायकाही राबल्या. युद्ध संपलं, बहुतेकींना घरी पाठवलं. पुढे १९७४ मध्ये नऊ पोलाद कंपन्या, युनियन आणि सरकार यांच्यात न्यायालयामार्फत करार झाला. कृष्णवर्णीय कामगारांना आणि बायकांना आजवर नाकारलेली कामं द्यायची, असं ठरलं. यंग्सटाउनची ही कंपनी त्या नऊमध्ये होती. पगार पुरुषांच्या बरोबरीचा!

जेमतेम तीन वर्षं गेली. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. कॅम्पबेल कारखान्याचा बहुतेक भाग बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. सुमारे ५,००० जणांचं काम गेलं. बोट दाखवलं गेलं परदेशी पोलादाकडे. ते काही खोटं नव्हतं, पण १९६९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लाइक्स कंपनीने हा कारखाना ताब्यात घेतला होता आणि जुनाट भट्ट्यांवर लागेल तेवढा पैसा खर्च झालाच नव्हता. मग एकामागून एक इतर कारखानेही आटोपले. कपातीत नियम एकच, शेवटी लागला तो आधी बाहेर. आता सांगा, शेवटी कोण लागलं होतं?

गाव गप्प बसलं नाही, हेही सांगायला हवं. चर्चमधली मंडळी आणि कामगार एकत्र आले. कारखाना आपणच विकत घेऊ म्हणाले. त्यासाठी लोकांनी बँकांत खास बचत खाती उघडली. मात्र १९७९ मध्ये सरकारने कर्जाची हमी नाकारली आणि तो बेत तिथेच बसला.

आज तिथली वस्ती ६० हजारांच्या आसपास आहे. गावात पोलादाचं संग्रहालय आहे. भट्ट्या विझण्यापूर्वी ओतलेल्या शेवटच्या पोलादाचे नमुने तिथे ठेवलेत. आणि कामगारांच्या हत्यारांबरोबर कंपनीच्या घरातलं एक स्वयंपाकघरही मांडलंय.