बाहुलीघराचे सुतारकाम : फुटाचा इंच करताना

बाहुलीचे घर म्हटले की मराठी मनाला आधी भातुकली आठवते. पितळेची इवलीशी भांडी, लाकडाचा बोळका संसार आणि सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत खेळणी हा आपल्याकडील बालपणाचा ठेवा आहे. युरोप आणि अमेरिकेत मात्र या खेळाला समांतर असा एक प्रौढांचा छंद गेली अनेक दशके जोमाने वाढला. खऱ्या घराची, खऱ्या फर्निचरची काटेकोर प्रमाणात लहान प्रतिकृती करण्याचा हा छंद होय. त्यातील सर्वांत लोकप्रिय वाट म्हणजे बाजारात मिळणारा तयार भागांचा संच घ्यायचा आणि त्यात आपल्या गरजेनुसार बदल करून वेगळीच वस्तू घडवायची. वरवर पाहता हा फावल्या वेळेचा उद्योग वाटतो. पण त्यात गणित आहे, सुतारकी आहे, इतिहासाची जाण आहे. आणि काही वेळा नाहीशा होत चाललेल्या घराची अखेरची नोंदही आहे.

राजवाड्यातून दिवाणखान्यात

बाहुलीघराची पहिली ठळक नोंद जर्मनीत सापडते. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५७-५८च्या सुमारास म्युनिकमध्ये असे एक घर करवून घेतले होते. १६७४ मधील आगीत ते नष्ट झाले. त्या काळी ही घरे मुलांसाठी नव्हतीच. ती श्रीमंतीची आणि अभिरुचीची निशाणी होती. अ‍ॅमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमन हिने सतराव्या शतकाच्या अखेरीस सजवलेले कपाटवजा घर आज तेथील राइक्स म्युझियममध्ये आहे. त्यातील चिमुकली चिनी मातीची भांडी थेट चीनमधून मागवलेली होती. या घरावर झालेला खर्च त्या काळी कालव्याकाठच्या खऱ्या घराच्या किमतीच्या तोडीचा होता, असे सांगितले जाते.

न्यूरेंबर्गमध्ये याच शतकात बाहुलीघराला वेगळा उपयोग लाभला. घरात कोणती वस्तू कोठे असावी, स्वयंपाकघराची मांडणी कशी करावी हे मुलींना शिकविण्याचे साधन म्हणून त्याकडे पाहिले जाऊ लागले.

विसाव्या शतकात या कलेने कळस गाठला तो इंग्लंडमध्ये. राणी मेरी हिच्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात बाहुलीघर बांधण्यात आले. त्याचा आराखडा नवी दिल्लीचे शिल्पकार सर एडविन ल्युटेन्स यांचा होता. पंधराशेहून अधिक कलावंत आणि कारागिरांनी त्यासाठी हातभार लावला. वाहते पाणी, विजेचे दिवे आणि चालणाऱ्या लिफ्ट यांनी युक्त असलेले हे घर १९२४ मध्ये वेंब्ली येथील ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनात ठेवले गेले. सात महिन्यांत सोळा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. आज ते विंडसर किल्ल्यात आहे. अमेरिकेत नार्सिसा थॉर्न यांनी १९३०च्या दशकात कारागिरांकडून युरोप-अमेरिकेतील वेगवेगळ्या काळांच्या दालनांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांपैकी ६८ दालने शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पाहता येतात.

लहान वस्तू, मोठी साक्ष

अचूक प्रतिकृतीचे मोल केवळ सौंदर्यात नाही, याचा सर्वांत बोलका दाखला फ्रान्सेस ग्लेसनर ली यांच्या कामात मिळतो. १९४०च्या दशकात या अमेरिकी महिलेने संशयास्पद मृत्यूंच्या घटनास्थळांच्या लहान प्रतिकृती तयार करवून घेतल्या. हार्वर्ड विद्यापीठातील परिसंवादांत पोलिसांना निरीक्षण शिकविण्यासाठी त्यांचा वापर होई. फर्निचरचे काम राल्फ मोशर या सुताराने केले. खिडकी उघडी आहे की बंद, खुर्ची उलटली आहे की सरकली आहे, पडद्याची घडी मोडली आहे का, अशा बारकाव्यांतून तपासाची दिशा ठरते, हे त्यातून शिकविले जाई. यांतील १८ प्रतिकृती बाल्टिमोर येथील मुख्य वैद्यकीय तपासनीसांच्या कार्यालयात जपल्या गेल्या. २०१७-१८ मध्ये वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत त्यांचे प्रदर्शनही भरले होते. खुर्ची चुकीच्या उंचीची असती, तर तपासाचा धडाच चुकला असता. प्रमाण सांभाळणे ही या कलेतील हौस नसून तिची पहिली अट आहे, ती यामुळेच.

संचाचे युग

सामान्य माणसाच्या आवाक्यात हा छंद आला तो सुट्या भागांच्या संचांमुळे. १९७०च्या दशकात अमेरिकेत या छंदाची मोठी लाट आली. छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात सुऱ्या-पाती बनविणाऱ्या एक्स-अ‍ॅक्टो कंपनीने 'हाउस ऑफ मिनिएचर्स' या नावाने लाकडी संच बाजारात आणले. अठराव्या शतकातील अमेरिकी फर्निचरच्या धर्तीवरील खुर्च्या, मेजे आणि खणांची कपाटे त्यात असत. कापलेले लाकडी भाग, पितळी कड्या आणि सूचनापत्र असा हा ऐवज टपालाने घरी येई. 'क्रिसनबॉन' या नावाने व्हिक्टोरियन धाटणीचे प्लास्टिकचे संचही मिळत. अलीकडच्या काळात लेझरने कापलेल्या पातळ प्लायवूडचे आणि चीनमध्ये तयार होणारे, दिव्यांसह सजवता येणारे खोलीवजा संच जगभर विकले जातात.

संचात बदल करून नवे काही घडविण्याची कल्पना मात्र बाहुलीघरापुरती नाही. रेल्वेचे आणि विमानांचे नमुने तयार करणारे हौशी लोक हे पूर्वीपासून करीत आले आहेत. १९७७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील अंतराळयानांच्या नमुन्यांवरही बाजारातील रणगाडे-विमानांच्या संचांचे सुटे भाग चिकटवलेले होते.

प्रमाणाचे गणित

बाहुलीघरासाठी सर्वाधिक रूढ प्रमाण १:१२ आहे. फूट-इंचात विचार करणाऱ्यांना ते सोपे जाते, कारण खऱ्या वस्तूचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीतील एक इंच. साडेसात फुटी कपाट साडेसात इंचांचे होते. ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्चीची बैठक ३७.५ मिलिमीटरवर येते, तर ७५ सेंटीमीटरचे जेवणाचे टेबल ६२.५ मिलिमीटरवर. याशिवाय १:२४ आणि १:४८ ही लहान प्रमाणेही वापरात आहेत. स्वीडनच्या लुंडबी कंपनीची घरे १:१८ प्रमाणात असतात. त्यामुळे दोन वेगवेगळ्या ठिकाणचे संच एकत्र करण्यापूर्वी प्रमाण तपासणे अत्यावश्यक ठरते.

लांबी-रुंदी सर्वांच्या लक्षात येते. जाडी विसरली जाते. १:१२ प्रमाणात ३ मिलिमीटर जाडीची फळी ही खऱ्या घरातील ३६ मिलिमीटरच्या जाड फळीसारखी दिसते. म्हणूनच कुशल कारागीर दीड मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ लाकूड पसंत करतात. हाच नियम रंगाला लागू पडतो. दशांश मिलिमीटर जाडीचा व्हार्निशचा थर खऱ्या मापात सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि वस्तू साखरेच्या पाकात बुडविल्यासारखी दिसू लागते. कापडाचेही तसेच. एक इंचाचे फूल छापलेले कापड गादीवर घातले, तर त्या घरात फूटभर फुलांची गादी अंथरली जाते.

लाकडाची निवड याच कारणाने महत्त्वाची. ओकसारख्या लाकडाची उघडी छिद्रे आणि ठळक रेषा लहान वस्तूत बटबटीत दिसतात. बासवूड, चेरी किंवा अक्रोड यांच्या बारीक रेषा प्रमाणाशी जुळतात. ओकचा आभास हवा असेल, तर बारीक रेषांच्या लाकडालाच ओकची छटा दिली जाते.

बदल कसा करावा?

समजा, तीन खणांच्या उभ्या कपाटाच्या संचातून दोन खणांचे बसके कपाट करावयाचे आहे. अशा कामाचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. काहीही कापण्यापूर्वी सर्व भाग डिंकाशिवाय जुळवून पाहावेत. संचातील भागांत किंचित फरक असू शकतो.

२. प्रत्येक भाग कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढून घ्यावी किंवा झेरॉक्स काढावी. बदल आधी कागदावर करावा. कागद वाया गेला तर दुसरा मिळतो. लाकडी भाग गेला तर संपूर्ण संच निकामी होतो.

३. कोठून कापायचे ते ठरवावे. जुन्या धाटणीच्या कपाटांत खालचा खण उंच आणि वरचा बुटका असतो. त्यामुळे वरचा खण कमी करणे श्रेयस्कर. खालून कापल्यास पायांची जोडणी आणि त्यांचा घाट दोन्ही बिघडतात. वळणदार पायांच्या खुर्चीची उंचीही पाय खालून कापून कमी करता येत नाही, कारण पायाचा तळवाच नाहीसा होतो.

४. बारीक दातांच्या करवतीने रेषेच्या किंचित बाहेरून कापावे आणि उरलेले लाकूड पॉलिश पेपरने घासून मापावर आणावे. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकत्र धरून घासल्यास उंची समान राहते.

५. पाठीची फळी, खणांचे आधार आणि माथ्याची फळी यांची मापे नव्याने तपासावीत. एक भाग बदलला की त्याला जोडलेले सर्व भाग बदलतात, हे या कामातील मर्म आहे.

६. लाकडाला छटा द्यायची असल्यास ती डिंक लावण्यापूर्वी द्यावी. डिंक सांडलेल्या जागी लाकूड रंग शोषत नाही आणि तेथे कायमचा फिकट डाग राहतो. पातळ फळीच्या दोन्ही बाजूंना छटा द्यावी. एकाच बाजूला दिल्यास फळी वाकते.

७. सांध्यांसाठी पांढरा डिंक टाचणीच्या टोकाने लावावा. तो सुकेपर्यंत वस्तू काटकोनात आहे की नाही हे तपासत राहावे. झटपट चिकटणारा डिंक पितळी कड्यांसाठी ठीक. लाकडी सांध्यात तो चूक सुधारण्याची उसंत देत नाही.

८. खण आणि चौकट यांत साधारण अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवावी. रंगाच्या थरानेही खण अडकू शकतो. आतील कडांवर मेणबत्ती घासल्यास तो सहज सरकतो.

लेझरने कापलेल्या भागांच्या कडा जळून काळ्या पडलेल्या असतात. त्या घासल्याशिवाय डिंक नीट धरत नाही आणि रंगही मळकट दिसतो. एमडीएफ घासताना नाकातोंडावर मुखपट्टी हवीच. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत पातळ लाकूड फुगते आणि वाकते, म्हणून सुटे भाग सपाट जागी वजनाखाली ठेवणे हितावह. तयार झालेली वस्तू प्रौढांच्या संग्रहासाठी असते, याचाही विसर पडू नये. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती तिचे सुटे भाग जाणे धोक्याचे आहे. जुन्या बाहुलीघरांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने ती मुलांना खेळायला देऊ नयेत.

बदलावे की जपावे?

या छंदातील जाणकारांमध्ये एक मतभेद कायम आहे. जुने, न उघडलेले संच आता स्वतःच संग्राह्य ठरले आहेत. ते कापणे म्हणजे ऐतिहासिक वस्तू बिघडविणे, असे काहींना वाटते. संच हा घडविण्यासाठीच असतो, डब्यात बंद ठेवून त्याचे सार्थक होत नाही, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. मात्र बदललेली वस्तू विकताना ती मुळात कोणत्या संचातून केली आहे हे सांगणे हा प्रामाणिकपणाचा भाग होय. संचातून केलेली वस्तू आणि कोऱ्या लाकडातून घडविलेली वस्तू यांच्या श्रमांत आणि किमतीत मोठे अंतर असते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी या तंत्राचा एक उपयोग विशेष मोलाचा ठरू शकतो. शहरांतील वाडे आणि चाळी पुनर्विकासात पाडल्या जात आहेत. नव्या सदनिकेत झोपाळ्याला कड्या नसतात, फडताळाला भिंत नसते आणि शिसवी कपाटाला जागा नसते. मग या वस्तू जुन्या बाजारात जातात. त्यांची प्रतिकृती करायची असेल, तर वस्तू घराबाहेर पडण्यापूर्वीच मापे घेतली पाहिजेत. लांबी, रुंदी, उंची, फळीची जाडी, पायांचा घाट, कड्यांची जागा यांची नोंद करावी आणि समोरून, बाजूने व मागून छायाचित्रे घ्यावीत. छायाचित्रात मोजपट्टी धरलेली असावी. सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद झोपाळ्याची फळी १:१२ प्रमाणात सहा इंच बाय दोन इंचांची होते. तिच्यासाठी परदेशी संचातील पलंगाची फळी उपयोगी पडते आणि कड्यांसाठी नकली दागिन्यांतील बारीक साखळी. कपाटाच्या संचाला जाळीची दारे लावली की फडताळ तयार होते.

प्रतिकृती उद्या किंवा दहा वर्षांनीही करता येईल. मापे मात्र वस्तू दारात उभी असेपर्यंतच घेता येतात. म्हणून ज्यांना हा छंद जोपासायचा आहे त्यांनी, आणि ज्यांना नाही त्यांनीही, आपल्या घरातील जुन्या लाकडी वस्तूंची मापे एका वहीत उतरवून ठेवावीत. त्यासाठी लागते ती एक मोजपट्टी आणि एक दुपार.