एक मेल सर्व्हर, अनेक डोमेन : ई-मेलची वाट कशी ठरते?

निलंगा येथे पाठविल्या जाणाऱ्या पत्रावर ४१३५२१ हा पिनकोड लिहिला जातो. यातील पहिला आकडा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड या टपाल विभागाचा आहे. पहिले तीन आकडे मिळून पत्रांच्या वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो, तर शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे असतात. हा वर्गीकरणाचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच असेल, अशी समजूत असल्यास ती चुकीची ठरते. ४१३ ही मालिका लातूरप्रमाणेच सोलापूर व धाराशिवची आहे; पुणे जिल्ह्यातील बारामती आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरही तीतच येतात. मराठवाड्यातीलच असलेले नांदेड मात्र ४३१ मध्ये मोडते.

केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून साकारलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. तेव्हा निलंगा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला, २०२३ मध्ये उस्मानाबादचे नावही धाराशिव झाले. ४१३ ही मालिका मात्र दोन्ही जिल्ह्यांची राहिली. पत्त्यावरील नाव आणि पत्राची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वेलणकरांच्या योजनेचे मर्म होते. एकाच मेल सर्व्हरवर अनेक डोमेन सांभाळणाऱ्याला नेमके हेच मर्म ध्यानात ठेवावे लागते. ते सुटले की पत्रे हरवू लागतात, आणि ती हरवल्याचे बरेचदा कोणालाच कळत नाही.

ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’ या चिन्हानंतरचा भाग म्हणजे डोमेन. हा भाग संस्थेचे नाव सांगतो, पत्रे उतरवून घेणाऱ्या यंत्राचे नव्हे. आरंभीच्या काळात हा भेद नव्हता. टेलिफोनच्या तारेवरून एक संगणक दुसऱ्याला पत्रे देत असे, त्या यूयूसीपी पद्धतीत पत्र कोणकोणत्या संगणकांतून जाणार हे पाठविणाऱ्यालाच पत्त्यात उद्गारचिन्हे घालून लिहावे लागे. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व आयआयटी यांच्यातील १९८०च्या दशकातील पहिली ई-मेल देवाणघेवाणही यूयूसीपीवरच झाली. ई-मेल वाहून नेणाऱ्या एसएमटीपी या नियमावलीचा आजही पायाभूत असलेला मसुदा ऑगस्ट १९८२ मधला, म्हणजे लातूर जिल्ह्याच्याच वयाचा. नाव आणि यंत्र यांची फारकत करणारी ‘एमएक्स’ नोंद १९८६ मध्ये निश्चित झाली.

ही नोंद डोमेनच्या डीएनएस यादीत असते. या डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे द्यावीत, एवढेच ती सांगते. सर्व्हर एकाहून अधिक असतील तर प्रत्येकापुढे एक आकडा असतो आणि सर्वांत लहान आकड्याच्या सर्व्हरला पहिला मान मिळतो. तो बंद असेल तर पुढचा. दहा डोमेनच्या एमएक्स नोंदी एकाच सर्व्हरकडे बोट दाखवीत असल्या तरी बिघडत नाही. एका टपाल कार्यालयातून अनेक गावांचे वाटप होते, तसेच हे.

खरी परीक्षा पत्र दाराशी आल्यावर सुरू होते. समजा, निलंग्यातील एखादी शिक्षणसंस्था एक वरिष्ठ महाविद्यालय, एक औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि एक माध्यमिक शाळा चालविते. तिघांची डोमेन वेगळी, सर्व्हर मात्र एकच. आलेले पत्र कोणाचे, हे सर्व्हर पत्राच्या मजकुरावरून ठरवीत नाही. पत्र देताना पाठविणारा सर्व्हर ‘हे अमुक पत्त्यासाठी’ असे वेगळे सांगतो. तो लिफाफ्यावरचा पत्ता होय. वाचणाऱ्याला पडद्यावर दिसतो तो ‘प्रति’ हा रकाना लिफाफ्याच्या आतल्या कागदावरचा. गुप्त प्रत म्हणजे बीसीसी पाठविणे शक्य होते ते या दोन पत्त्यांच्या वेगळेपणामुळेच.

लिफाफ्यावरचे डोमेन पाहून सर्व्हरला त्याची वर्गवारी करावी लागते. पोस्टफिक्स या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये तिचे वर्ग स्पष्ट आखलेले आहेत. स्थानिक डोमेनची पत्रे त्या यंत्रावर खाते असलेल्यांना मिळतात. आभासी पेट्यांच्या डोमेनसाठी यंत्रावर खाते लागत नाही. प्रत्येक पूर्ण पत्त्याला स्वतंत्र पेटी असते. आभासी उपनामांच्या डोमेनवर पेटीच नसते, तिथला प्रत्येक पत्ता दुसऱ्या पत्त्याकडे वळविलेला असतो. रिले डोमेनची पत्रे केवळ उतरवून घेऊन पुढच्या सर्व्हरकडे द्यायची असतात. या चारांपैकी कशातच न बसणारे डोमेन परके. ज्या डोमेनची वाट एमएक्स नोंद न पाहता ठरवायची आहे, त्यांच्यासाठी ‘ट्रान्सपोर्ट’ नावाचा वेगळा तक्ता असतो. एक्झिम आणि सेंडमेल यांची परिभाषा निराळी असली तरी विचार हाच.

नवखा व्यवस्थापक तिन्ही डोमेन ‘स्थानिक’ यादीत टाकून मोकळा होतो. पत्रे येऊ लागतात आणि काम झाले असे वाटते. परंतु स्थानिक डोमेनच्या बाबतीत सर्व्हर ‘ॲट’च्या आधीचे नावच तेवढे पाहतो. त्यामुळे वरिष्ठ महाविद्यालयाच्या ‘प्राचार्य’ या पत्त्यावरील पत्र आणि औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या ‘प्राचार्य’ या पत्त्यावरील पत्र एकाच पेटीत पडतात. शाळेचे ‘कार्यालय’ आणि महाविद्यालयाचे ‘कार्यालय’ यांचेही तेच. विद्यापीठाचे परीक्षाविषयक गोपनीय पत्र भलत्याच्या हाती पडण्यास एवढी चूक पुरेशी आहे. एकाहून अधिक संस्थांची डोमेन असतील तर ती आभासी पेट्यांच्या वर्गातच ठेवावीत आणि एक डोमेन एकाच वर्गात असावे. दोन याद्यांत नाव आले की पोस्टफिक्स नोंदवहीत तक्रार लिहितो. ती नोंदवही वाचली जात नाही, हा भाग वेगळा.

याहून फसवा प्रकार डोमेनचे स्थलांतर होते तेव्हा घडतो. औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आपली ई-मेल सेवा बाहेरच्या कंपनीकडे नेते. एमएक्स नोंद बदलली जाते, मुंबई-पुण्याहून येणारी पत्रे नव्या पेटीत व्यवस्थित पोहोचतात, चाचणी यशस्वी ठरते. जुन्या सर्व्हरच्या यादीत मात्र ते डोमेन ‘आपले’ म्हणून तसेच राहते. यानंतर शेजारच्या इमारतीतून, त्याच संस्थेच्या वरिष्ठ महाविद्यालयातून पाठविलेले पत्र जुन्या सर्व्हरवर येते. डोमेन आपलेच आहे असे समजून तो एमएक्स नोंदीकडे पाहतही नाही आणि ते पत्र कोणीही न उघडणाऱ्या जुन्या पेटीत टाकतो. पाठविणाऱ्याला त्रुटीचा निरोप येत नाही. त्याच्या दृष्टीने पत्र पोहोचलेले असते. परदेशातून पत्र येते आणि भिंतीपलीकडून येत नाही, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा कारण हेच असते. चाचणी बाहेरून घेतली जाते, चूक आत असते. म्हणून स्थलांतरानंतर एक पत्र बाहेरून आणि एक जुन्या सर्व्हरवरूनच पाठवून पाहणे आवश्यक असते. एमएक्स नोंद किती काळ जुनी वापरली जावी हे सांगणारा टीटीएल हा आकडाही स्थलांतराच्या एक-दोन दिवस आधीच कमी करावा. नोंद बदलल्यावर तो कमी करण्यात अर्थ नसतो.

अशा स्थलांतराचे मोठे उदाहरण भारतात २०२५ मध्ये दिसले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेवरील केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती झोहो या भारतीय कंपनीच्या मंचावर नेण्यात आल्याचे त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वृत्तपत्रांनी दिले. ‘एनआयसी डॉट इन’ आणि ‘जीओव्ही डॉट इन’ ही डोमेन कायम राहिली. पत्राखालचे यंत्र बदलले तरी पत्ता बदलण्याची गरज पडत नाही, ती या फारकतीमुळेच.

आपले कोणते हे जसे सर्व्हरला सांगावे लागते, तसेच परके कोणते हेही. कोणाचेही पत्र घेऊन कोणाकडेही पोहोचविणाऱ्या सर्व्हरला उघडा रिले म्हणतात. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत हा शेजारधर्म मानला जाई. जाहिरातबाजांनी त्याचा गैरफायदा घेतल्यावर तो गुन्हाच ठरला. आज असा सर्व्हर काळ्या यादीत जाण्यास फार वेळ लागत नाही आणि मग त्यावरील सर्वच डोमेनची पत्रे नाकारली जातात. एका डोमेनच्या एका खात्याचा पासवर्ड चोरीला गेला तरी परिणाम तोच. सामायिक सर्व्हरचा हा तोटा स्वस्ताईच्या हिशेबात सहसा धरला जात नाही.

रिले डोमेनसाठी पुढच्या सर्व्हरवर कोणकोणते पत्ते अस्तित्वात आहेत, याची यादी मधल्या सर्व्हरकडेही हवी. ती नसेल तर तो काल्पनिक नावांची पत्रेही स्वीकारतो, पुढे ती नाकारली जातात आणि परतीचा निरोप ज्याने पत्र पाठविलेच नाही अशा तिसऱ्याच माणसाकडे जातो. दोन सर्व्हर एकमेकांकडे बोट दाखवीत असतील तर पत्र त्यांच्यातच फिरत राहते. प्रत्येक मुक्कामावर पत्राच्या माथ्यावर एक ‘मिळाले’ अशी ओळ चढते. पोस्टफिक्समध्ये ती संख्या ५० च्या वर गेली की फेरा तोडला जातो. सर्व्हर केवळ बंद असेल तर मात्र पत्र रांगेत थांबते आणि सर्वसाधारणपणे पाच दिवसांपर्यंत पुन्हापुन्हा प्रयत्न होतात.

बाहेर जाणाऱ्या पत्रांसाठी प्रत्येक डोमेनला स्वतःची ओळखपत्रे लागतात. एसपीएफ नोंद या डोमेनतर्फे कोणते सर्व्हर पत्रे पाठवू शकतात ते सांगते, डीकेआयएम पत्रावर डिजिटल सही करते आणि डीमार्क नोंद या दोहोंत बसत नसलेल्या पत्राचे काय करावे ते सुचविते. मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांना जीमेल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही सक्तीच्या केल्या. सर्व्हर एक असला तरी एका डोमेनची नोंद दुसऱ्याला चालत नाही. या व्यवस्थेत जुना, सोयीचा रिवाज अडचणीत आला आहे : संस्थेच्या पत्त्यावर आलेले पत्र आपोआप खासगी जीमेल खात्याकडे वळविणे. वळविलेले पत्र मूळ पाठविणाऱ्याच्या नावाने, पण भलत्याच सर्व्हरवरून आलेले दिसते आणि एसपीएफच्या कसोटीस उतरत नाही.

मराठी पत्त्यांमुळे यात आणखी एक पदर वाढला आहे. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ डोमेन घेता येते. डीएनएसमध्ये ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपातच साठविले जात असल्याने वाट शोधण्यात अडचण येत नाही. अडचण ‘ॲट’च्या आधीचे नावही देवनागरी असेल तेव्हा येते. त्यासाठी २०१२ मध्ये ठरलेली एसएमटीपीची वाढीव सोय वाटेवरील प्रत्येक सर्व्हरला अवगत असावी लागते. एकाला जरी ती नसली तरी पत्र परत फिरते. म्हणून देवनागरी पत्त्याच्या जोडीला त्याच पेटीचे रोमन उपनाम ठेवण्याची पद्धत आहे.

आणि एखादे डोमेन आता नकोच, असे ठरले तर? नूतनीकरण न केल्यास काही काळाने ते खुल्या बाजारात येते आणि कोणीही विकत घेऊ शकतो. नवा मालक आपल्या सर्व्हरची एमएक्स नोंद घालतो आणि जुन्या पत्त्यांवर येणारी पत्रे रीतसर त्याच्याकडे जाऊ लागतात. त्यांत त्या पत्त्यावर नोंदविलेल्या बँक खात्याचा पासवर्ड बदलण्याचे दुवेही असू शकतात. त्यामुळे वापरातून गेलेले डोमेनही, सर्व ठिकाणचे जुने पत्ते बदलून होईपर्यंत, दरवर्षी शुल्क भरून राखावे लागते.