पदवी आणि प्रमाण

१८९० साली बंगालमध्ये फुलमणी नावाची बालिका पतीच्या संगाने प्राणास मुकली. त्यानंतर मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे करणारे विधेयक आले व महाराष्ट्रात मोठा वाद माजला. गॉटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली डॉक्टरेट देऊन गौरविलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर विधेयकाच्या बाजूस होते. त्यांच्या नावाने सुधारकांस बळ आले. टिळकांनी मात्र पदवीपुढे मान न तुकविता भांडारकरांनी लावलेल्या अर्थासच आव्हान दिले. भांडारकरांनीही पदवी नव्हे, शास्त्रवचनेच पुढे केली होती. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला. पदवीमुळे पंडिताचे म्हणणे लोक ऐकून घेतात. निर्णय प्रमाणानेच व्हावा लागतो. आणि फुलमणीचा मृत्यू हे प्रमाण समजण्यास कोणाच्याच पदवीची गरज नव्हती.