ईपी-३ : ऐकणाऱ्या विमानाची गोष्ट

या विमानाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण सोमवार ते शुक्रवार कोड आणि शनिवारी किराणा या चक्रात राहून जात होतं. आज पावसाने घरात कोंडलंय, तेव्हा लिहूनच टाकतो.

विमानांचं वेड असलेल्या माणसाला त्याचं आवडतं विमान विचारा. तो सुखोई म्हणेल, मिराज म्हणेल, फारच मुरलेला असेल तर ब्लॅकबर्ड म्हणेल. माझं उत्तर ऐकून मित्र हसतात. चार पंख्यांचं, पोटाखाली परात बांधल्यासारखा फुगवटा, पाठीवर टेंगळं, धड वेगही नाही. नाव ईपी-३ई एरीज-२. त्यावर बाँब नाही, क्षेपणास्त्र नाही, साधी मशीनगनसुद्धा नाही. अमेरिकन नौदलाने ते वापरलं फक्त ऐकण्यासाठी. दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यापासून थोडं लांब, पण ऐकू येईल इतकं जवळ, तासन्‌तास येरझाऱ्या घालायच्या आणि कान देऊन बसायचं.

नुसतं ऐकायला एवढं जवळ कशाला जायचं? याचं उत्तर दहावीच्या गणितात आहे, घाबरू नका. रडारच्या आणि लढाऊ विमानांच्या रेडिओलहरी जवळपास सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी गोल आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. जहाजाच्या ३० मीटर उंच डोलकाठीवरून जमिनीलगतचं रडार ऐकायचं तर हे उत्तर येतं साधारण २२-२३ किलोमीटर. आता तीच अँटेना २२,५०० फुटांवर न्या. उत्तर येतं ३४० किलोमीटर! उपग्रह आणखी वर असतात हे खरं, पण खालून फिरणारा उपग्रह काही मिनिटांत निघून जातो आणि तो कधी येणार हे समोरच्यालाही ठाऊक असतं. विमान तिथेच दहा-बारा तास घुटमळू शकतं.

आणि ऐकायचं काय? एक म्हणजे माणसांचं बोलणं. त्यासाठी विमानात भाषा जाणणारे लोक बसतात. दुसरं म्हणजे रडार. सेकंदाला किती स्पंदनं, प्रत्येक स्पंदन किती लांबीचं, अँटेनाला एक फेरी मारायला किती वेळ, यावरून रडारची जात ओळखता येते. घरात कोण आलं हे आजीला नुसत्या पावलांवरून कळतं ना, तसंच. शांततेच्या काळात या पावलांची नोंद करून ठेवली की युद्धात कुठलं रडार कुठे आहे आणि त्याला आंधळं कसं करायचं हे आधीच माहीत असतं.

आता विमानाची जन्मकथा. ती प्रवासी विमानापासून सुरू होते. लॉकहीड कंपनीचं इलेक्ट्रा ६ डिसेंबर १९५७ ला पहिल्यांदा उडालं. मग २९ सप्टेंबर १९५९ ला टेक्ससमध्ये एक इलेक्ट्रा हवेतच मोडलं, ३४ माणसं गेली. १७ मार्च १९६० ला इंडियानात दुसरं, ६३ माणसं गेली. तपासात निघालेलं कारण कुठल्याही इंजिनिअरची झोप उडवेल असं आहे. इंजिनाची बैठक जराशी सैल झाली की पंखा भोवऱ्यासारखा डोलू लागायचा. हे डोलणं मंदावत मंदावत विमानाच्या पंखाच्या नैसर्गिक कंपनाशी जुळलं की दोघं एकमेकांना झोके देत राहायचे, पंख तुटेपर्यंत. दोन्ही भाग सुटे तपासले तर ठीक, एकत्र आले की घात. (इंटिग्रेशन टेस्टिंगवाल्यांनी नोंद घ्यावी.) लॉकहीडने स्वखर्चाने दुरुस्ती केली, विमान सुरक्षित झालं, पण तोवर जेटचा जमाना आला होता. एकूण १७० इलेक्ट्रा बनली.

ते नौदलाला मात्र हवं होतं. पाणबुड्या शोधायला कमी उंचीवर सावकाश आणि लांबपर्यंत उडणारं विमान पाहिजे होतं. इलेक्ट्राचं धड थोडं आखूड करून पी-३ ओरायन तयार झालं आणि १९६२ मध्ये सेवेत आलं. गंमत म्हणजे सोव्हिएत संघानेही नेमकं हेच केलं. त्यांच्या इल्युशिन-१८ या प्रवासी विमानापासून इल्युशिन-३८ बनलं, आणि ते आपल्या नौदलात १९७७ पासून गोव्यात होतं. दाबोळीला उतरताना धावपट्टीच्या बाजूला चार पंख्यांचं करडं धूड पाहिल्याचं तुमच्यापैकी काही जणांना आठवत असेल. ते हेच. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ते निवृत्त झालं.

ओरायनच्या आधी ऐकण्याचं काम कशी विमानं करत होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अमेरिकन नौदलाच्या या स्क्वाड्रनचं नाव व्हीक्यू-१. २२ ऑगस्ट १९५६ ला तिचं मर्केटर जातीचं विमान चीनच्या किनाऱ्याजवळ पाडलं गेलं, १६ जण गेले. १५ एप्रिल १९६९ ला, म्हणजे किम इल सुंगच्या वाढदिवशी, उत्तर कोरियाच्या मिग-२१ ने तिचं ईसी-१२१ पाडलं. हे ईसी-१२१ म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशनचा लष्करी अवतार. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या एअर इंडियाच्या जुन्या फोटोंत तीन शेपट्यांचं जे देखणं विमान दिसतं, त्याच घराण्यातलं. आत ३१ जण होते, आणि कोणीही वाचलं नाही. किनाऱ्यापासून ते दीडशे किलोमीटरहून जास्त लांब होतं. निक्सन यांनी सूड घ्यायचा विचार केला आणि सोडून दिला.

याच्या सव्वा वर्ष आधी, २३ जानेवारी १९६८ ला, उत्तर कोरियाने प्वेब्लो हे अमेरिकेचं ऐकणारं जहाजच पकडून नेलं होतं. त्यावर एवढी गुप्त कागदपत्रं आणि यंत्रं होती, की खलाशी हातोडे मारत आणि कागद जाळत राहिले तरी संपेनात. ८३ पैकी एक जण मारला गेला, ८२ जण ११ महिने कैदेत होते. संदेश कूटबद्ध करणारी यंत्रं जवळपास धडधाकट शत्रूच्या हाती गेली. त्याच सुमारास जॉन वॉकर नावाचा नौदलातलाच एक माणूस सोव्हिएत संघाला कळा, म्हणजे आपल्या भाषेत 'कीज', विकू लागला होता, आणि तो १९८५ पर्यंत सापडला नाही. कुलूप एका वाटेने गेलं, किल्ली दुसऱ्या वाटेने.

मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त रस आहे तो इथे. प्वेब्लोवरून एक गोष्ट लख्ख कळली होती: ऐकणारं यंत्र बनवताना ते नष्ट कसं करायचं हेही बनवावं लागतं. हे १९६८ सालचं शहाणपण लक्षात ठेवा.

पुढे ओरायनवर ऐकण्याची यंत्रणा चढली. सत्तरच्या दशकात ईपी-३ई आलं. ते सांगाडे थकले तेव्हा १२ पी-३सी विमानं घेऊन यंत्रणा त्यांत हलवली गेली, आणि नव्वदच्या दशकात एरीज-२ चा ताफा उभा राहिला. हार्डवेअर जुनं आणि आतलं सॉफ्टवेअर सतत नवं, असा मामला. (ओळखीचं वाटलं ना? :-))

१ एप्रिल २००१. रविवार. ओकिनावातल्या काडेना तळावरून एक ईपी-३ई निघालं. आत २४ जण, त्यात तीन स्त्रिया. कमांडर शेन ऑस्बॉर्न, वय वर्षं २६. आपल्याकडे या वयात माणूस टीम लीड व्हायची वाट बघत असतो. चीनच्या हैनान बेटापासून साधारण ११० किलोमीटरवर दोन जे-८ विमानं त्यांच्यामागे आली. त्यातल्या एकाचे वैमानिक होते वाँग वेई. ते याआधीही अशा विमानांना फार जवळून भेटायचे. एकदा तर त्यांनी कॉकपिटमधून आपला ईमेल पत्ता लिहिलेला कागद दाखवला होता, आणि अमेरिकेने त्याचं चित्रण नंतर जगाला दाखवलं. मला हा तपशील विसरता येत नाही. एकमेकांवर पाळत ठेवणारी दोन विमानं, आणि मधल्या काही फुटांच्या हवेत एक ईमेल पत्ता.

त्या दिवशी जे-८ तिसऱ्यांदा जवळ आलं. ईपी-३ इतक्या सावकाश उडणं जे-८ ला जडच जातं. त्याची शेपटी ईपी-३ च्या डाव्या टोकाच्या पंख्यात सापडली. जे-८ चे दोन तुकडे झाले. ईपी-३ चं नाक उडालं, वेग दाखवणारी यंत्रणा गेली, आतल्या हवेचा दाब गेला, आणि विमान जवळजवळ उलटं होऊन खाली कोसळू लागलं. हजारो फूट पडल्यावर ऑस्बॉर्न यांनी ते सावरलं. आधी पॅराशूटने उड्या मारायची तयारी झाली, मग त्यांनी हैनानवरच्या लिंगश्वी तळावर उतरायचं ठरवलं. संकटाच्या हाकांना उत्तर आलं नाही, तरी ते उतरले. २४ च्या २४ जण जिवंत! वाँग वेई यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. चूक कोणाची यावर दोन्ही देश आपापल्या म्हणण्यावर ठाम राहिले. सरळ रेषेत चाललेल्या संथ विमानाने चपळ विमानाला धडक दिली हे मला पटत नाही, पण ते माझं मत.

टक्कर ते लँडिंग यात अर्धा तासही नव्हता. वारा आत घोंघावतोय, विमान थरथरतंय, आणि मागे बसलेल्यांनी अनेक वर्षांची गुपितं तेवढ्यात पुसायची आहेत. त्यांच्याकडे काय होतं? एक कुऱ्हाड. आणीबाणीचा दरवाजा, ज्यातून त्यांनी सामान समुद्रात फेकलं. आणि गरम कॉफी, जी यंत्रांवर ओतली गेली. उतरल्यावर हाताने कागद फाडणं चालू राहिलं. नुकसान किती झालं याचा सविस्तर गुप्त अहवाल जुलै २००१ मध्ये तयार झाला. स्नोडेन यांनी बाहेर काढलेल्या कागदांतून तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्पष्ट दिसतं, की असं काही झालं तर काय नष्ट करायचं, कशाने, कोणत्या क्रमाने, याचा सराव या लोकांना दिलेलाच नव्हता, आणि बरंच गुप्त साहित्य विमानात शाबूत राहिलं.

प्वेब्लोनंतर ३३ वर्षांनी!

मला त्या २४ जणांना दोष द्यावासा वाटत नाही. स्क्रीन फोडून आणि कीबोर्डवर कॉफी ओतून डेटा जात नाही हे तुम्ही-आम्ही घरी बसून म्हणू शकतो. दोष आहे तो वर्षानुवर्षं रिक्वायरमेंट लिहिणाऱ्यांचा. आणखी लांबचं ऐकू यावं, आणखी बारीक ऐकू यावं, याला पैसे मिळतात. 'सगळं संपल्यावर काय' या ओळीला कोणी वाली नसतो. मी पूर्वी काम केलेल्या एका कंपनीत डिझास्टर रिकव्हरीचा प्लॅन होता, दरवर्षी त्यावर सही व्हायची, आणि तो ज्या सर्व्हरसाठी होता त्याच सर्व्हरवर ठेवलेला होता. आमच्याकडे फार तर वेबसाइट बंद पडली असती. असो.

चीनने त्यांना ११ दिवस ठेवून घेतलं. सुटका झाली ती एका पत्रावर. त्यात अमेरिकेने 'अतिशय दिलगीर' असल्याचं दोनदा म्हटलं: एकदा वाँग वेई यांच्या मृत्यूबद्दल, एकदा परवानगीशिवाय उतरल्याबद्दल. त्याला माफीनामा म्हणायचं की नुसता खेद, हे ज्याने त्याने आपापल्या भाषेत ठरवलं. विमान काही उडवत नेऊ दिलं नाही. ते सुटं करून, एका रशियन कंपनीच्या अँतोनोव्ह-१२४ मधून जुलैमध्ये परत गेलं. चीनने १० लाख डॉलरचं बिल लावलं, अमेरिकेने ३४,५६७ डॉलर देऊ केले. हा आकडा कोणी आणि कसा काढला असेल! चीनने ते नाकारले.

आता एक अवघड गोष्ट. वाचताना आपण आपोआप अमेरिकेच्या बाजूने झुकतो, कारण विमान आंतरराष्ट्रीय हवेत होतं. किनाऱ्यापासून २२ किलोमीटर, म्हणजे १२ सागरी मैल, एवढीच देशाची हद्द. पण २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात परक्या सैन्याने काय करावं यावर चीनचा आक्षेप आहे, आणि भारताची भूमिकाही त्याच्यापासून फार लांब नाही. १९९५ मध्ये सागरी कायद्याचा करार मान्य करतानाच आपण सांगितलं होतं, की या क्षेत्रात आमच्या संमतीशिवाय लष्करी सराव चालणार नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेची युद्धनौका लक्षद्वीपजवळून परवानगी न घेता गेली आणि तसं त्यांनी जाहीरही केलं, तेव्हा आपल्याला राग आलाच होता. हैनानच्या लोकांना काय वाटलं असेल, हे तिथून थोडं दिसतं.

ईपी-३ई त्यानंतरही दोन दशकांहून जास्त उडलं. हैनानवर उतरलेलं विमानसुद्धा दुरुस्त होऊन परत सेवेत गेलं. २०२५ मध्ये या जातीची सेवा संपली. त्याची जागा ज्यांनी घेतली त्यात ट्रायटन नावाचं मोठं ड्रोन आहे, आत कोणीच नसलेलं. अशाच घराण्यातलं एक ड्रोन इराणने जून २०१९ मध्ये पाडलं. ट्रम्प यांनी हल्ल्याचा हुकूम दिला आणि ऐन वेळी मागे घेतला, कारण त्यांच्याच सांगण्यानुसार ड्रोनमध्ये माणूस नव्हता आणि हल्ल्यात माणसं मेली असती. ३१ जण असलेलं ईसी-१२१ पडलं तेव्हाही हल्ला झाला नव्हता, म्हणून यातून सरळ नियम काढायला मी धजत नाही.

हैनानचं ते विमान आता ॲरिझोनातल्या टूसानच्या पीमा संग्रहालयात आहे. प्वेब्लो जहाज अजून प्याँगयांगमध्ये आहे, तिथेही संग्रहालयच.