खारी वाळू आणि धातुशोधक यंत्र

सन १७१५ च्या जुलै महिन्याची २४ तारीख. क्यूबा बेटातील हवाना बंदरातून स्पेनच्या राजाचा खजिना घेऊन जहाजांचा एक ताफा मायदेशी निघाला. बारा जहाजे होती. त्यांतले एक फ्रेंच, बाकीची स्पेनची. जहाजांच्या पोटात मेक्सिको आणि पेरूकडच्या खाणींतली चांदी, सोने व नाणी भरली होती. आठवडाभरात, ३० जुलैच्या रात्री, फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ वादळाने त्यांना गाठले. पहाटेपर्यंत स्पेनची अकराही जहाजे खडकांवर आपटून फुटली. एकटे फ्रेंच जहाज तेवढे वाचले. हजाराच्या आसपास माणसे बुडाली. जी किनाऱ्याला लागली त्यांनी वाळूच्या टेकाडामागे छावणी घातली. पुढची काही वर्षे स्पेनच्या लोकांनी पाणबुडे लावून जमेल तेवढी चांदी वर काढली, आणि मग ती जागा लोक विसरून गेले.

दोन शतकांहून अधिक काळ लोटला. दुसरे महायुद्ध संपल्यावर किप वॅग्नर नावाचा घरबांधणीचा एक कंत्राटदार फ्लॉरिडातील सेबॅस्टियन गावाजवळ राहावयास आला. मोठे वादळ होऊन गेले की पुळणीवर काळपट, वेडीवाकडी चांदीची नाणी सापडतात, हे त्याने पाहिले. ती गोळा करता करता त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली : नाण्यांवरचे साल वाचता येते तिथे ते १७१५ च्या पुढे कधीच जात नाही. जाणत्या लोकांची समजूत अशी होती की, तो ताफा तिथून पुष्कळ दक्षिणेला बुडाला. वॅग्नर आणि त्याचा एक डॉक्टर मित्र जुनी पुस्तके धुंडाळू लागले. बर्नार्ड रोमन्स याने १७७५ साली लिहिलेल्या फ्लॉरिडाच्या वर्णनात त्यांना ती नेमकी जागा मिळाली. मग वॅग्नरने लष्कराच्या मोडीतले, सुरुंग शोधण्याचे एक यंत्र पंधरा डॉलरांना विकत घेतले आणि टेकाडामागची जमीन चाळली. जहाजाचे खिळे, तोफेचे गोळे आणि हिऱ्यांची एक अंगठी त्याला सापडली. ती त्या वाचलेल्या लोकांची छावणी होती.

आता कोणी विचारील, की यंत्र हाती असताना वॅग्नरने सगळी पुळणच का नाही चाळली? ती छावणी भरतीच्या पाण्याच्या वर, कोरड्या जमिनीवर होती. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या वाळूत त्या काळचे यंत्र वेड्यासारखे ओरडत असे. हे असे का होते, आणि त्यावर माणसाने तोड कशी काढली, हेच आज पाहावयाचे आहे. समुद्रकाठी कोणते यंत्र घ्यावे याचे उत्तरही त्यातच आहे.

या यंत्राचे मूळ तत्त्व सोपे आहे. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की त्याच्याभोवती बदलते चुंबकक्षेत्र तयार होते. जवळ धातूचा तुकडा असेल तर त्या तुकड्यातही बारीक विद्युत्प्रवाह उठतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकक्षेत्र असते. यंत्राचे दुसरे वेटोळे ते ओळखते आणि कानाला आवाज ऐकू येतो.

या तत्त्वाची पहिली मोठी कसोटी १८८१ साली लागली. त्या वर्षीच्या २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरातच राहिली. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने घाईघाईने यंत्र तयार केले व ती गोळी शोधण्याचा दोनदा यत्न केला. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यामुळे आवाज भलत्याच जागी उमटत होता. शिवाय डॉक्टरांना गोळी उजवीकडे आहे असे वाटत होते, म्हणून शोधही तिकडेच झाला. गोळी निघाली डावीकडे, तीही अध्यक्षांच्या मृत्यूनंतर. पाहा, यंत्र बिचारे खरे बोलत होते. पण ते स्प्रिंगांविषयी बोलते आहे, हे कोणाच्या लक्षात आले नाही. धातुशोधाची सारी पुढची विद्या या एका गोष्टीभोवती फिरते : जे हवे आहे त्याचा आवाज, आणि भोवतालचा आवाज, हे वेगळे कसे करावयाचे?

पुढे १९३७ साली जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या गेरहार्ड फिशर याला अशा यंत्राचे पेटंट मिळाले. १९४१ साली युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये सुरुंग शोधण्याचे हलके यंत्र बनविले आणि पेटंट न घेता ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले. १९४२ साली एल अलामीनच्या वाळवंटात अशी पाचशे यंत्रे वापरली गेली. युद्ध संपल्यावर सुरुंगशोधक यंत्रे मोडीत निघाली, आणि त्यांतलेच एक वॅग्नरच्या हाती पडले.

आता समुद्राकडे येऊ. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यापेक्षा ते विजेला कैक पटींनी अधिक वाट देते. म्हणजे ओली खारी वाळू हीच जणू एक पसरलेली पातळ धातू झाली. वेटोळे तिच्यावरून फिरवले की तिच्यातही प्रवाह उठतात. त्यातून गंमत अशी, की तिचे उत्तर नाजूक सोन्याच्या साखळीच्या उत्तराशी बरेचसे जुळते. खाऱ्या वाळूचा आवाज दाबावा तर साखळीही दबते!

दुसरा उपद्रव काळ्या वाळूचा. पुष्कळ किनाऱ्यांवर लोहयुक्त खनिजांचे जड काळे कण लाटांनी चाळून एका पट्ट्यात जमवलेले असतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची अशी काळी वाळू आहे. हिचे उत्तर मिठाच्या उत्तरापेक्षा अगदी वेगळे असते. साधे यंत्र एकाच कंपनसंख्येवर चालते. त्याला एक उपद्रव ओळखून गप्प करता येतो, दोन नाहीत. मिठाला गप्प केले तर काळी वाळू बोलते, आणि काळीला गप्प केले तर मीठ बोलते.

यावर दोन तोडी निघाल्या. पहिली, ठोक्याच्या यंत्राची. इंग्रजीतले तिचे नाव पल्स इंडक्शन. पुरातत्त्वाच्या कामासाठी १९६० च्या दशकात ऑक्सफर्डला या पद्धतीवर बरेच काम झाले. हे यंत्र वीज सारखी चालू ठेवत नाही. एक ठोका देते, चटकन थांबते आणि मग कान देऊन ऐकते. मातीच्या मडक्यावर टिचकी मारली तर आवाज तिथेच मरतो. देवळातल्या घंटेवर मारली तर नाद रेंगाळतो. तसेच इथे. खाऱ्या वाळूतले प्रवाह सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांतच विरतात, अंगठीतले थोडे अधिक टिकतात. यंत्र तेवढा क्षण थांबून मग ऐकते, तोवर मीठ गप्प झालेले असते. काळी वाळूही त्याला फारशी छळत नाही. दोष दोन. लोखंडाचा खिळा आणि सोन्याची अंगठी यांतला भेद ते नीट सांगत नाही, म्हणून प्रत्येक आवाजाला खणावे लागते. शिवाय फार नाजूक साखळीचा नाद मिठाइतकाच लवकर विरतो, आणि ती निसटते.

दुसरी तोड अनेक कंपनसंख्यांची. एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावर न्यायाधीश निकाल देत नाही. दोघांच्या साक्षी ताडून पाहतो. तद्वत हे यंत्र एकाच जागेला दोन वा अधिक कंपनसंख्यांनी विचारते. मीठ दोन्हीकडे सारखे उत्तर देत नाही, धातूही देत नाही. पण दोघांची बदलण्याची रीत निराळी असते. उत्तरे ताडून मीठ आणि काळी वाळू ही दोन्ही वजा करता येतात, आणि लोखंड व इतर धातू यांतला भेदही बराचसा शिल्लक राहतो. ऑस्ट्रेलियाच्या मिनेलॅब कंपनीने १९९१ साली आणलेल्या सॉव्हरिन यंत्राने ही पद्धत पुष्कळ लोकांपर्यंत पोचवली.

तर मग यंत्र कोणते घ्यावे? दुकानदाराला विचारण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला, मी कुठे उभा राहणार? भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत, एका कंपनसंख्येचे साधे व स्वस्त यंत्रही चांगले काम देते. ओहोटीने उघडी पडलेली ओली पुळण असेल, तर अनेक कंपनसंख्यांचे यंत्र हवे.

दुसरा, वाळू कसली? लोहचुंबक कागदात गुंडाळून वाळूत फिरवावा. त्याला काळ्या कणांची दाट मिशी आली, तर ठोक्याच्या यंत्राचा विचार अवश्य करावा.

तिसरा, पाण्यात किती जाणार? पुष्कळ यंत्रांचे वेटोळेच तेवढे जलाभेद्य असते. वरच्या पेटीत पाणी गेले की खेळ खलास. गुडघाभर पाण्यात उभे राहिले तरी लाट छातीपर्यंत येते, हे ध्यानात ठेवावे. पेटी आणि कानाला लावायचे फोन, दोन्ही पाण्यात चालतात का, आणि किती खोलीपर्यंत, हे पाहून घ्यावे.

चौथा, कचरा किती? जत्रेच्या किनाऱ्यावर बाटल्यांची बुचे आणि खिळे अमाप. तिथे भेद सांगणारे यंत्रच बरे. ओसाड किनाऱ्यावर सगळेच खणले तरी चालते.

जाहिरातीतल्या खोलीच्या आकड्यांवर मात्र भिस्त ठेवू नये. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीवर स्पष्ट ऐकू आली तर यंत्र चांगले समजावे. घेण्यापूर्वी ओल्या खाऱ्या वाळूत स्वतः एक नाणे पुरून पाहावे. दुकानातल्या फरशीवरची परीक्षा ही परीक्षाच नव्हे. वापरताना वेटोळे सावकाश व एका उंचीवर फिरवावे, संवेदनशीलता थोडी कमी ठेवावी, आणि घरी आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे.

शेवटी एक गोष्ट, विशेषतः शिक्षकांसाठी. आपल्या देशात १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. दडवून ठेवणे हा गुन्हा आहे. हा कायदा सरकारच्या तिजोरीपुरताच आहे असे समजू नये. वॅग्नर आणि त्याचे सोबती यांना पुढे फ्लॉरिडा सरकारकडून रीतसर परवाना मिळाला, आणि १९६४ साली समुद्रतळावर हजारावर सोन्याची नाणी हाती आली. तरी अठराव्या शतकातली ती छावणी ओळखली गेली ती सोन्यामुळे नव्हे. काळवंडलेल्या चांदीवरची साले, ती कुठे मिळाली याची आठवण आणि जुन्या पुस्तकातली एक नोंद, यांनी ती ओळख पटवली. नाणे उचलून खिशात टाकले की त्याची जागा पुसली जाते, आणि जागेबरोबर त्याची साक्षही जाते. म्हणून यंत्र कोणतेही घ्या, पण त्याच्याबरोबर एक वही आणि पेन्सिल घ्या. काय सापडले, कुठे, किती खोल आणि कोणत्या दिवशी, एवढे चार शब्द त्यात जागच्या जागीच लिहून ठेवा.