गारदी : शिवी झालेला शिपाई

निफाडच्या आमच्या घरात दादी दुपारी अंगणात गहू निवडत बसायची. आम्ही पोरं शाळेतून धावत घरात शिरलो की ती खेकसायची, ‘‘अरे, गारद्यांसारखे काय घुसता!’’ दादीला लिहितावाचता येत नव्हते. गारदी कोण, कुठले, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिच्या लेखी गारदी म्हणजे दांडगट, बेमुर्वत माणूस. आसपासच्या मराठी आयाबायांच्या तोंडून तो शब्द तिच्याकडे आला होता आणि आम्हालाही त्यात काही वावगे वाटत नव्हते.

वाटले ते पुढे शाळेत. इतिहासाच्या तासाला नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा धडा आला आणि वर्गातल्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. मधल्या सुट्टीत आमचे नवे नाव पडले होते – गारदी. दादीच्या तोंडी जो शब्द मायेचा वाटत होता, तो त्या दिवशी काट्यासारखा टोचला. शब्द तोच, मग फरक कसला पडला? या प्रश्नाने आम्हाला इतिहासाची पाने चाळायला लावली.

‘गारदी’ हा शब्द मुळात शिवी नाही. पहारा, रक्षक या अर्थाच्या फ्रेंच ‘गार्द’ शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. अठराव्या शतकात दक्षिणेत फ्रेंच सेनानी बुसी याने निजामाच्या पदरी कवायती पायदळ उभे केले. रांगेत उभे राहून हुकमासरशी बंदुका झाडणारे हे शिपाई म्हणजे गारदी. घोडदळावर भिस्त ठेवणाऱ्या दक्षिणेत ही नवी विद्या होती आणि ती जाणणाऱ्याला भाव होता. त्यांत मुसलमान होते, तसे उत्तरेकडचे हिंदूही होते. गारदी हे पेशाचे नाव होते, जातीचे वा धर्माचे नव्हे.

या विद्येतला नामांकित माणूस इब्राहिमखान गारदी. निजामाकडून तो पेशव्यांच्या चाकरीत आला आणि सदाशिवरावभाऊंबरोबर पानिपतावर गेला. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौजेच्या डाव्या बाजूला त्याचे पायदळ आणि तोफा होत्या. समोर रोहिले होते, म्हणजे त्याचेच धर्मबंधू. त्याच्या माऱ्याने रोहिल्यांची दाणादाण उडाली, त्याचेही शिपाई मोठ्या संख्येने पडले. जखमी अवस्थेत तो शत्रूच्या हाती सापडला आणि कैदेत मारला गेला. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे काय, ते त्याने दाखवून दिले.

आता आमच्या तालुक्याचा संबंध. निफाड तालुक्यातले विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचे गाव. तेही त्या दिवशी डाव्या बाजूलाच, इब्राहिमखानाच्या शेजारी होते. विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या पथकांनी ठरलेली गोलाची रचना मोडून पुढे धाव घेतली, ती फसली आणि इब्राहिमखानाची बाजू उघडी पडली, असे इतिहासकार लिहितात. विंचूरकर रणातून परतले. आम्ही त्यांना दोष द्यायला बसलेलो नाही. लढाईच्या धुरात कुणाला काय दिसले, हे अडीचशे वर्षांनंतर घरबसल्या सांगणे सोपे असते. ‘विंचूरकर’ ही शिवी झाली नाही, हे योग्यच झाले. सवाल एवढाच, की जागा न सोडणाऱ्या माणसाच्या पेशाचे नाव मात्र शिवी का झाले?

त्याचे उत्तर ३० ऑगस्ट १७७३ या तारखेत आहे. त्या दिवशी शनिवारवाड्यात थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणरावांना त्यांनी ठार केले. हे पाप मोठे होते, त्याची सफाई कोणी देऊ नये. पण मारेकऱ्यांची नावे तरी नीट वाचावीत : सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ. शिवाय त्यांना सामील असलेला तुळाजी पवार. आणि कटामागे चुलते रघुनाथराव होते, असा निवाडा देणारे रामशास्त्री प्रभुणे. राज्याच्या लोभाचे हे प्रकरण होते. त्यात धर्म नव्हता. लोकांच्या आठवणीत मात्र ‘काका मला वाचवा’ ही हाक राहिली, ‘ध चा मा’ राहिला आणि मारेकरी म्हणून ‘गारदी’ राहिले. सुमेरसिंगाचे नाव पुसट झाले आणि गारदी म्हणजे मुसलमान, असा समज आमच्या बाकापर्यंत येऊन पोहोचला.

मग ही शिवी आज चालते का? घरातून ती जवळजवळ गेली आहे. लासलगावच्या कांदा बाजारात, एस. टी. स्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर तरुण पोरांच्या तोंडी ती आम्हाला ऐकू येत नाही. त्यांच्या शिव्या वेगळ्या. पण अग्रलेखांत आणि सभांत ‘भाडोत्री गारदी’ अजून भेटतात, आणि काका-पुतण्यांचे भांडण पेटले की शनिवारवाडा हमखास आठवतो. शब्दांचे नशीबही अजब असते. पानिपतच्या वाताहतीला लोक ‘भाऊगर्दी’ म्हणत. आज इच्छुक उमेदवारांच्या झुंबडीला तो शब्द हसतहसत वापरतात. त्या शब्दातले रक्त धुऊन निघाले. ‘गारदी’तले निघाले नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी याच निफाडात जन्मले. मराठ्यांचा इतिहास लिहिताना त्यांनी केवळ राजे आणि सरदार मोजले नाहीत, निरनिराळ्या जातींतून आलेल्या संतांचे कामही जमेस धरले. त्या गावच्या माणसांनी इतिहासाची निम्मी पाने फाडून बाकीची वाचू नयेत, एवढीच अपेक्षा.

शब्दावर बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. परवा नातवाने विचारले, ‘‘दादा, गारदी म्हणजे काय?’’ त्याच्या पुस्तकात शब्द आला होता. आम्ही त्याला दोन तारखा सांगितल्या. एक शनिवारवाड्याची आणि दुसरी, तिच्या बारा वर्षे आधीची, पानिपतची. दोन्ही वहीत लिहून घे म्हटले. आम्हाला शाळेत एकच सांगितली होती.